बेबीआत्याची पिन आणि तिच्या विलायती बहिणी

लग्नाला निघायची घाई असते. रिक्षा दाराशी येऊन उभी असते, 'यांच्या' बाहेरून दोन हाका होऊन गेलेल्या असतात, आणि नेमकी तेव्हाच पदराची पिन सापडत नाही. मग आपण काय करतो? बांगडीला अडकवून ठेवलेली सेफ्टी पिन काढतो, चार निऱ्या चापूनचोपून बसवतो आणि खांद्यावर टोचून निघतो. पदर जागच्या जागी राहावा एवढंच पिनेचं काम. ती दिसली नाही म्हणजे झालं. पण एक काळ असा होता, की पिन मुद्दाम दिसावी म्हणूनच लावत. नुसती दिसावी म्हणून नव्हे, तर लोकांनी ती वाचावी म्हणून! अशाच एका पिनेची, आणि तिच्या दूरदेशीच्या बहिणींची हकिकत आज तुम्हांला सांगणार आहे.

माझी एक आत्या होती. तिला आम्ही सगळे बेबीआत्या म्हणत असू. त्या काळी घरोघरी एक तरी बेबी असायचीच. तुमच्याही माहेरी असेल. केस पांढरे झाले, सुना आल्या, तरी ती आपली बेबीच! आत्याकडे चांदीची एक छोटीशी पिन होती. जेमतेम दीड इंच लांब, दोन्ही टोकांना बारीक वेलबुट्टी आणि मधोमध इंग्रजी चार अक्षरं : बी, ए, बी, वाय. माझे आजोबा मुंबईला नोकरीला होते. आत्या वर्षाची झाली तेव्हा, म्हणजे १९२७ साली, त्यांनी ती फोर्टातल्या एका दुकानातून आणली होती. "माझ्या बाबांनी माझं नाव घालून करून आणली," असं आत्या सांगायची, आणि आम्हांला ते खरंच वाटायचं. भांड्यांवर नाही का आपण नाव घालून आणत? तसं आजोबांनी पिनेवर घालून आणलं असेल. त्यात नवल ते काय!

१९९८ साली आत्या गेली आणि तिची पिन माझ्याकडे आली. पुढे काही वर्षांनी तिचा काटा सैल झाला, म्हणून मी ती आमच्या सराफाकडे नेली. त्यानं डोळ्याला भिंग लावून पिनेची पाठ पाहिली आणि म्हणाला, "बाई, हे आपल्याकडचं काम नव्हे. विलायती आहे. हा बघा जहाजाचा नांगर." मीही भिंगातून पाहिलं. तिळाएवढा नांगर, त्याच्या शेजारी पाय उचलून चाललेला सिंह, आणि एक अक्षर.

मग घरी येऊन शोधाशोध केली. इंग्लंडात बर्मिंगहॅम नावाचं कारखान्यांचं गाव आहे. तिथं सोन्याचांदीचा कस पाहून शिक्का मारणारी कचेरी १७७३ साली सुरू झाली. तिची खूण म्हणजे तो नांगर. (गंमत म्हणजे बर्मिंगहॅमपासून समुद्र चांगलाच लांब आहे!) सिंहाचा अर्थ असा, की चांदी हजारात ९२५ भाग शुद्ध आहे. अक्षरावरून साल काढतात. आणि हेही कळलं, की 'बेबी' ही अक्षरं घातलेल्या पिना तिथं ढिगानं निघत. तान्ह्या मुलांच्या लाळेऱ्याला, झबल्याच्या पट्ट्याला त्या लावत. म्हणजे आजोबांनी नाव घालून काही आणलं नव्हतं. दुकानात तयार होती ती उचलली. आणि तो शब्द म्हणजे आत्याचं नावही नव्हे, नुसतं 'बाळ'!

खरं सांगते, मला जरा वाईटच वाटलं. हे ऐकायला आत्या नाही ते एका परी बरं झालं, असंही मनात येऊन गेलं. पण मग या पिनांचा मला नादच लागला.

पिनेवर, किंवा तिकडे म्हणतात तसं ब्रोचवर, काहीतरी लिहायची किंवा कोडं घालायची ही हौस खरी बहरली ती राणी व्हिक्टोरियाच्या उत्तरकाळात, १८८० च्या पुढं. त्याचं कारण मोठं मजेदार आहे. अमेरिकेत नेवाडामध्ये १८५९ साली चांदीची प्रचंड खाण लागली. पुढे युरोपातल्या एकेका देशानं चांदीचं नाणं सोडून सोन्याचं धरलं. चांदी उदंड झाली आणि तिचा भाव कोसळला. याच पडझडीत आपला चांदीचा रुपयाही घसरला बरं का! पूर्वी दोन शिलिंगांच्या आसपास असणारा रुपया १८९२ च्या सुमाराला सव्वा शिलिंगावर आला, आणि १८९३ साली सरकारला लोकांच्या चांदीचे रुपये पाडून द्यायचं बंद करावं लागलं. इथले गोरे साहेब विलायतेत बायकामुलांना पैसे पाठवताना कपाळाला हात लावत होते, आणि त्याच वेळी तिकडची मोलकरीण, दुकानात उभी राहणारी पोरगी जन्मात पहिल्यांदा खऱ्या चांदीचा दागिना घेऊ शकत होती. १८९० साली तिकडे चांदीच्या कामावरचा करही उठला. मग काय विचारता!

बर्मिंगहॅमात दागिने घडवणाऱ्यांचा एक भागच आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी टाकाला लावून कित्ते गिरवले ती निबंही बरीचशी याच गावची. पोलादी ठशाखाली चांदीचा पातळ पत्रा ठेवायचा, वरून दाब द्यायचा, की नक्षी उमटून बाहेर. हे दाबायंत्र चालवायला बऱ्याच ठिकाणी मुली आणि बायकाच असत. म्हणजे एकीनं ठसा मारायचा आणि दुसरीनं मिरवायचं.

सगळ्यांत हौस होती ती नावांची. ॲनी, केट, लिली, फ्लॉरेन्स... तुमचं नाव असेल ती पिन उचला आणि पैसे टाका. जिचं नाव जरा वेगळं तिची पंचाईत! आता तुम्ही म्हणाल, स्वतःचंच नाव स्वतःच्या छातीवर लावून हिंडायचं यात कसली मौज? मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग एक गोष्ट वाचली. तिकडच्या काही श्रीमंत घरांत मोलकरीण कामाला आली आणि तिचं नाव मालकिणीला पसंत पडलं नाही, किंवा जरा जास्तच डौलदार वाटलं, तर मालकीण ते सरळ बदलून टाकी. तू आजपासून मेरी! मग ती दिवसभर मेरी म्हणून राबायची. आता विचार करा, अशा मुलीनं रविवारच्या सुटीत आपलं खरं नाव चांदीत लिहिलेलं गळ्याशी टोचलं, तर ते नुसतं नटणं म्हणायचं का?

मला स्वतःला मात्र नावांपेक्षा चित्रांच्या पिना जास्त आवडल्या. एक चंद्रकोर, आणि तिच्या कुशीत बसलेली मधमाशी. ओळखा पाहू! मध आणि चंद्र... अहो, मधुचंद्र! इंग्रजी कोडं मराठीतही जसंच्या तसं सुटतं, कारण आपण हा शब्दच मुळी त्यांच्या शब्दावरून घडवला आहे. नव्या नवरीनं ती पिन लावली की काही बोलायला नको. बदाम आणि किल्ली असेल, तर माझ्या मनाचं कुलूप तुझ्याच हाती. पाकोळी असेल, तर ती जशी थंडी सरली की घरट्याशी परत येते तसा तूही ये. आयव्हीची वेल असेल, तर बिलगले ती सुटायची नाही. आणखी एक पिन म्हणजे कोंबडीच्या गळ्याजवळचं ते दुबेळक्यासारखं हाड! शाकाहारी मैत्रिणींनी नाक मुरडू नये, पण जेवण झाल्यावर त्या हाडाची दोन टोकं दोघांनी धरून ओढायची आणि मोठा तुकडा हाती येईल त्याची इच्छा पुरी होते, अशी तिकडची समजूत. तेच हाड सोन्याचांदीत घडवून बायका लावत.

आणि किडे! माशा, कोळी, भुंगे, मधमाश्या. भिंतीवर कोळी दिसला की आपण केरसुणी घेऊन धावतो, आणि या बायका तो खड्यांनी मढवून खांद्यावर बसवीत. १८९० नंतर बायका सायकली चालवू लागल्या तेव्हा सायकलींच्या पिना आल्या. बाईनं सायकलवर बसावं की नाही यावर घरोघरी वाद चाललेले असताना जिनं ती पिन लावली तिनं आपलं मत सांगून टाकलंच की!

याआधीच्या काळात, चांदी स्वस्त व्हायच्या आधी, श्रीमंतांचे निरोप रत्नांत लिहिलेले असत. ही युक्ती फ्रान्समधून आलेली. नेपोलियनच्या घराण्यासाठीही अशी काकणं घडवली गेली होती. माणिक, पाचू, गार्नेट, जांभळा अमेथिस्ट, पुन्हा माणिक आणि शेवटी हिरा असे खडे ओळीनं बसवले, की त्यांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं जुळून 'रिगार्ड' हा शब्द होतो, म्हणजे जिव्हाळा, आदर. वरवर पाहणाऱ्याला रंगीत खडे दिसत. ज्याला कळायचं त्याला कळे.

हे वाचल्यावर एका दुपारी मी आपल्या नवरत्नांची नावं कागदावर लिहून काढली आणि मराठीत काही जमतंय का ते पाहत बसले. जमलं की! माणिक आणि नीलम, झालं 'मन'. माणिक, गोमेद आणि लसण्या, झालं 'मंगल'. अनुस्वार पदरचा घातला, तेवढं चालवून घ्या. पण राहूचा गोमेद आणि केतूचा लसण्या एकाच पिनेत बसवायला कुणाच्या सासूबाई परवानगी देतील असं मला वाटत नाही.

त्याहून गुप्त निरोप हवा असेल तर डोळ्याचा. १७८५ साली इंग्लंडच्या युवराजानं, पुढे चौथा जॉर्ज झाला त्यानं, मरिया फिट्झहर्बर्ट या कॅथलिक विधवेशी चोरून लग्न केलं. राजाला ते मुळीच चालणारं नव्हतं. युवराजानं तिला आपल्या एका डोळ्याचं चिमुकलं चित्र काढून पाठवलं. नुसता डोळा! चेहरा नाही, नाव नाही, ओळखणारीनं ओळखावं. मग असे डोळे जडवलेले ब्रोच आणि लॉकेटं वापरायची टूमच निघाली. मला विचाराल तर एखाद्याच्या नुसत्या डोळ्यावरून तो कोण हे सांगता येणं हीच मोठी परीक्षा आहे. लग्नाला पंचवीस-तीस वर्षं झालेल्यांनी आज रात्री जेवताना यजमानांकडे जरा नीट पाहून घ्यावं!

पण या सगळ्या शब्दांत एक शब्द असा आहे की त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. तो शब्द 'मिस्पा'. दोन बदाम शेजारी शेजारी, भोवती वेल आणि मधे हा शब्द, अशा पिना १८८० नंतर अतोनात खपल्या. नवरा बोटीवर गेला, मुलगा पलटणीत गेला, की मागं राहिलेल्या बाईच्या पोशाखावर मिस्पा आलीच. पुन्हा भेटेपर्यंत देव तुझा सांभाळ करो, असा तिचा अर्थ सगळे घेत.

आता मूळ गोष्ट ऐका. बायबलच्या जुन्या करारात लाबान नावाचा सासरा आणि याकोब नावाचा जावई आहे. याकोबाचं मन राहेलवर. तिच्यासाठी तो सात वर्षं सासऱ्याकडे राबला, आणि सासऱ्यानं लग्नाच्या रात्री थोरली लेआ पुढं केली. राहेलसाठी आणखी सात वर्षं. शेवटी कंटाळून याकोब दोघी बायका, मुलंबाळं, गुरंढोरं घेऊन न सांगता निघून गेला. लाबानानं पाठलाग करून गाठलं. भांडण झालं, तडजोड झाली, आणि दोघांनी दगडांची रास रचली. तिलाच नाव मिस्पा, म्हणजे टेहळणीची जागा. ठरलं असं की, एकमेकांच्या दृष्टिआड झाल्यावर कोण काय करतो यावर देवाचा पहारा राहील. म्हणजे हा काही मायेचा निरोप नव्हे. दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, म्हणून केलेला करार आहे! वर लाबानानं जावयाला बजावलं, की माझ्या मुलींना छळलंस किंवा त्यांच्यावर आणखी बायका केल्यास, तर इथं दुसरं कुणी नसलं तरी देव साक्षीला आहे.

लाबान मोठा लबाड माणूस खरा. पण हे एवढं वाक्य जावयाच्या तोंडावर बोलणारा बाप आपल्याकडच्या किती लेकींना मिळाला?

तर असा हा संशयाचा शब्द बायकांनी उचलला आणि मायेचा करून टाकला. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ या काळात, तो पुन्हा चालला. त्याच्या जोडीला पलटणीच्या चिन्हाची छोटी प्रतिकृती शिपाई आपल्या बायकोला, प्रेयसीला, आईला देऊन जात. कुणाची सोन्याची, कुणाची शिंपल्यावर बसवलेली, कुणाची साध्या पितळेची. ती लावलेली बाई रस्त्यात दिसली की तिचं माणूस कुठल्या पलटणीत आहे हे न विचारता कळे.

दुःखाच्या पिनांबद्दलही सांगितलं पाहिजे. १८६१ च्या डिसेंबरात राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट वारला. त्यानंतर १९०१ साली स्वतः जाईपर्यंत राणीनं काळे कपडे सोडले नाहीत. राणीचं बघून सगळ्या देशात सुतकाचे नियम आणखी कडक झाले. नव्या विधवेनं चकाकणारं काही घालायचं नाही. चालायचा तो यॉर्कशर परगण्यातल्या व्हिटबी गावचा काळा जेट. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली दबून दगड झालेलं लाकूड असतं ते. त्या एका गावात हजाराहून जास्त माणसं हेच काम करू लागली होती. ज्यांना जेट परवडेना त्यांनी काळी काच घेतली. गेलेल्या माणसाच्या केसांची बारीक वेणी घालून ती काचेखाली बसवलेले ब्रोचही होते. अंगावर काटा येतो ना? पण त्या काळी किती जणांकडं फोटो होते? केसांची बट तेवढी हातात उरायची. सगळे दागिने गेले तरी पिन काही अंगावरून गेली नाही. तिला काळं व्हावं लागलं इतकंच.

आता तुम्ही विचाराल, ही विलायती पिन आपल्या पदरावर कशी आली? त्याचा एक धागा आपल्या मुंबईतूनच जातो. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ टागोर हे पहिले हिंदी सनदी अधिकारी. १८६४ साली त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी इकडं आल्या. बंगाली बायकांचं तेव्हाचं साडी नेसणं घराबाहेर पडण्याच्या सोयीचं नव्हतं. मुंबईच्या पारशी बायकांचं नेसणं पाहून ज्ञानदानंदिनींनी आपली नवी तऱ्हा बसवली : खाली परकर, वर पोलकं, आणि पदर खांद्यावर ब्रोचनं टाचलेला. पुढे गोल साडी सगळीकडं रुळली तशी खांद्यावरची पिनही रुळली. आपल्या आज्यांचे जुने फोटो काढून बघा. केळ्याच्या बुंध्याशी किंवा कुंडीशेजारी उभ्या असलेल्या आजीच्या खांद्यावर काहीतरी लुकलुकताना दिसेल.

आत्याच्याही दिसतं. १९४२ साली, सोळाव्या वर्षी, लग्न होऊन ती वाईला गेली. ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहिलं, लक्ष्मी, आणि बेबी तिथंच संपली. सासरी तिला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. माहेरचं लाडाचं नाव सासरी सांगायची पद्धतच नव्हती, आणि विचारणार तरी कोण? १९५३ साली तिचे यजमान विषमज्वरानं गेले. आत्या सत्तावीस वर्षांची. मंगळसूत्र गेलं, बांगड्या गेल्या, जोडवी गेली, कुंकू पुसलं. आजेसासूबाईंनी खांद्यावरच्या पिनेकडंही बोट दाखवलं. आत्या तोवर त्या घरात कुणाला उलटून बोलली नव्हती. ती म्हणाली, "पदर खांद्यावरून सरकतो. चारचौघांत बरं दिसायचं नाही. पिन म्हणजे काय दागिना आहे का?" बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. पदराचीच गोष्ट काढल्यावर कोण काय बोलणार? पिन राहिली. पुढची पंचेचाळीस वर्षं राहिली.

हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "अगं, त्या घरात मला माझ्या नावानं हाक मारणारं तेवढंच होतं."

म्हणून आता बर्मिंगहॅमच्या त्या ढिगाचं मला पहिल्यासारखं वाईट वाटत नाही. आपले उखाणे तरी कुठं आपण स्वतः रचलेले असतात? पाठ केलेले, वहीतून उतरवून घेतलेले. फक्त शेवटचं नाव आपलं.

उलट अर्थ लावायचीच गोष्ट काढायची तर आणखी एक पिन सांगायलाच हवी. विलायतेत बायकांनी मताच्या हक्कासाठी चळवळ केली तेव्हा कितीतरी जणी लंडनच्या हॉलोवे तुरुंगात जाऊन आल्या. तिथल्या कैद्यांच्या कपड्यांवर रुंद बाणाची खूण छापलेली असे. सरकारी मालाची आणि बदनामीची खूण. सिल्व्हिया पँकहर्स्ट या चित्रकार मुलीनं, चळवळीच्या पुढारी एमेलिनबाईंच्या लेकीनं, तीच खूण घेतली. पार्लमेंटचं चिन्ह असलेला जाळीचा दरवाजा चांदीत घडवला आणि त्यावर तो बाण जांभळ्या, पांढऱ्या, हिरव्या मिन्यात बसवला. १९०९ पासून तुरुंगातून सुटून आलेल्या बायकांना तो ब्रोच सन्मानानं देऊ लागले. ज्या खुणेनं मान खाली जावी तीच छातीवर! तिथं तीस वर्षांवरच्या बायकांना मत मिळालं १९१८ साली, तेही अटी घालून, आणि पुरुषांच्या बरोबरीनं १९२८ साली. आपल्या मुंबई इलाख्यानं बायकांना मताचा दरवाजा उघडला तो १९२१ मध्ये.

ही विद्या अजून मेलेली नाही. अमेरिकेच्या मॅडेलिन ऑलब्राइट १९९७ साली तिथल्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री झाल्या. त्याआधी संयुक्त राष्ट्रसंघात असताना इराकच्या वर्तमानपत्रांनी त्यांना नागीण म्हटलं. बाई काही चिडल्या नाहीत. पुढच्या वेळी इराकच्या प्रश्नावर बैठकीला गेल्या त्या सोन्याच्या सापाची पिन लावून! रशियानं त्यांच्या खात्याच्या कचेरीत चोरून ऐकण्याचं यंत्र बसवल्याचं उघड झालं, तेव्हा रशियनांना भेटायला जाताना त्यांनी भलामोठा किडा लावला. चोरून ऐकण्याच्या यंत्राला इंग्रजीत किडाच म्हणतात. २००९ साली त्यांनी आपल्या पिनांवर एक पुस्तकच लिहिलं. २०२२ साली त्या वारल्या. आणि २४ सप्टेंबर २०१९ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षा लेडी हेल यांनी पार्लमेंट तहकूब करणं बेकायदा होतं असा निकाल वाचून दाखवला, तेव्हा निकालाइतकीच चर्चा त्यांच्या खांद्यावरच्या भल्यामोठ्या चमचमत्या कोळ्याची झाली. जुन्या बायकांचे ते किडे आठवतात ना?

तुमच्या आजीच्या, पणजीच्या डब्यात अशी एखादी पिन असेल तर आधी ती उलटी करून पाहा. काटा नुसत्याच वाकवलेल्या आकड्यात अडकत असेल, त्याला फिरती कडी नसेल, आणि काट्याचं टोक पिनेच्या कडेबाहेर डोकावत असेल, तर ती बहुधा शंभर वर्षांवरची. नांगर बर्मिंगहॅमचा, गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार असेल तर चेस्टर गावची. तिथली कचेरी १९६२ मध्येच बंद झाली.

आणि हात जोडून सांगते, दिवाळीच्या साफसफाईत ती चांदीच्या ताटवाट्यांबरोबर घासायला घेऊ नका. रांगोळी, दंतमंजन, चिंच यातलं काही नको. पत्रा कागदासारखा पातळ असतो, दोन-चार वेळा घासलात तर अक्षरंच निघून जातील. जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यानं कोरडीच पुसा. खडे, मोती, मिना किंवा काचेखाली केस असतील तर पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. रबरबँडात गुंडाळून ठेवू नका, चांदी काळी पडते. मलमलीच्या चिंधीत, एकटीच, लहानशा डबीत ठेवा. साडीला लावताना पदराच्या निऱ्यांमागं कापडाचा दुहेरी तुकडा घ्या आणि काटा त्यातून न्या. जुने काटे जाड असतात, रेशमाला भोक पडलं की बुजत नाही. पैठणीच्या जरीत तर मुळीच टोचू नका.

आमच्या सराफानं आत्याच्या पिनेचा काटा घट्ट करून दिला. "अक्षरं झिजलीत, घासून साफ करून वर तुमचं नाव घालून देऊ का?" असंही विचारलं. बिचाऱ्यानं चांगल्या मनानंच विचारलं होतं. मी नको म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नाला मी ती लावून गेले. तिथं वाईच्या काकू आल्या होत्या, आत्याच्या धाकट्या जाऊबाई. नव्वदीच्या घरात आलेल्या, पण नजर अजून शाबूत. एकाच स्वयंपाकघरात दोघींनी जवळजवळ पन्नास वर्षं काढलेली. मला जवळ बसवून त्यांनी माझ्या खांद्यावर बोट ठेवलं. "ही आमच्या वहिनींची ना? ही एवढी शेवटपर्यंत सोडली नाही हो त्यांनी. काय नक्षी आहे, वेल आहे का?"

"वेल नाही, काकू," मी म्हटलं, "इंग्रजी अक्षरं आहेत. बेबी."

"बेबी? ही कोण बेबी?"

मी सांगितलं. काकू कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. पंगत बसली, वाढपी आले, मठ्ठा आला. मग हळूच म्हणाल्या, "आम्हांला कधी बोलल्या नाहीत." आणि थोड्या वेळानं पुन्हा बोट पिनेवर ठेवून एकेका अक्षरावरून फिरवत मला विचारू लागल्या, "यातलं बे कुठलं?"